टॅप पिळानं कमी, वाकून जास्त मोडतो

टॅप म्हणजे धातूच्या भोकात बोल्टसाठी आटे पाडायचं हत्यार, आणि ते फिरवायचं ते हँडल. भाच्यानं वेंगुर्ल्याहून फोनवर अशा हँडलांचे तीन फोटो पाठवले. पहिल्यात साधं लांब टॅप हँडल, दुसऱ्यात रॅचेटचं, म्हणजे एकाच दिशेनं पकडणाऱ्या खटक्याचं टी-हँडल, तिसऱ्यात खांब आणि आडवा हात असलेलं, टेबलावर उभं करायचं हँड टॅपिंग मशीन. खाली एकच ओळ: "मामा, ह्यातला खयचा घेव?" काजू फोडायच्या यंत्रांची दुरुस्ती हे त्याचं काम. घरामागच्या मांगरात एक बेंच ड्रिल, एक व्हाइस, एक ग्राइंडर एवढाच संसार.

तिन्हींच्या किमतीत बराच फरक आहे, त्यामुळे प्रश्न पैशाचा वाटतो. मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. फिरताना टॅपवर काय बेततं ते कळल्याशिवाय हँडल निवडता येत नाही, आणि ते एकदा कळलं की दुकानात कुणाला विचारावं लागत नाही. त्याला जे सविस्तर सांगितलं, तेच इथे लिहितो.

एम६ चा, म्हणजे ६ मिलिमीटरचा बोल्ट बसवायचा तर आपण ५ मिलिमीटरचं भोक पाडतो आणि टॅप त्यात फिरवत आत नेतो. टॅप म्हणजे कडक पोलादाचा स्क्रूच, फक्त त्याच्या अंगावर उभ्या खाचा असतात. त्या खाचांमुळे आट्यांना धार मिळते आणि कापलेल्या किसाला जागा मिळते. एम६ च्या नेहमीच्या आट्यांचा पिच १ मिलिमीटर, म्हणजे हँडलचा एक पूर्ण फेरा झाला की टॅप बरोबर १ मिलिमीटर आत जातो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत धातू पकडायला थोडा दाब लागतो. एकदा पकड बसली की टॅप स्वतःच स्वतःला आत ओढून घेतो. पुढे आपल्याला तो फक्त फिरवायचा असतो आणि सरळ ठेवायचा असतो.

हे सरळ ठेवणंच अवघड. टॅप कडक असतो म्हणून कापतो, आणि कडक असतो म्हणूनच ठिसूळ. खिळ्यावर आडवा जोर आला तर तो वाकतो. टॅप वाकत नाही, मोडतो. पीळ मात्र तो बऱ्यापैकी सोसतो, कारण फिरण्यासाठीच तो घडवलेला आहे. आता लांब हँडल दोन्ही हातांनी फिरवताना काय होतं बघा. उजव्या हाताचा जोर थोडा जास्त, डाव्याचा थोडा कमी. दोन्ही सारखे असते तर नुसता पीळ पडला असता. जेवढा फरक, तेवढा जोर टॅपचं वरचं टोक बाजूला ढकलतो. खालचं टोक भोकातल्या आट्यांनी घट्ट धरलेलं असतं. मग बारीकसा 'टक्' आवाज होतो आणि हँडल अचानक हलकं होतं. हा आवाज ज्यानं ऐकलाय तो विसरत नाही.

आपल्या किनाऱ्यावर होड्यांच्या इंजिनांवर काम करताना सर्रास दिसणारी चूक हीच आहे. आत हँडल फिरायला जागा नसते, म्हणून टॅपच्या चौकोनी डोक्याला सरळ पाना लावला जातो. पाना म्हणजे एकाच बाजूचा जोर, म्हणजे पिळाबरोबर वाक हमखास. मोठा टॅप असेल तर एखाद वेळ निभावतं. एम५, एम६ ला हे कधीही करू नये.

टॅप मोडला नाही तरी तिरका गेलेला टॅप काम बिघडवतो. नुसता १ अंशाचा कल पकडू. २० मिलिमीटर खोल भोकाच्या तळाशी टॅप साधारण ०.३५ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो, आणि त्यात बसवलेला बोल्ट ५० मिलिमीटर वर येत असेल तर त्याचं टोक जवळजवळ ०.९ मिलिमीटर सरकलेलं असतं. चार बोल्टांची प्लेट अशी बसतच नाही. मग प्लेटची भोकं कानशीनं मोठी करायची, वर वॉशर टाकायचा, आणि काम ढिलं ते ढिलंच.

जोराचा हिशोबही एकदा मनात पक्का करावा. गोल दांड्याची पीळ सोसायची ताकद त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. एम३ चा टॅप एम६ च्या निम्म्या जाडीचा, पण ताकद निम्मी नाही, आठवा हिस्सा. उलट हँडलचा हात दुप्पट लांब केला की तितक्याच दाबानं पीळ दुप्पट होतो. म्हणजे एम१० साठी घेतलेलं लांब हँडल एम३ ला लावलं तर बोटांच्या टोकाचा दाबसुद्धा त्याला जास्त होतो, आणि आपल्या हाताला ते कळतही नाही. एका हँडलमध्ये एम३ ते एम१२ सगळं भागेल, असं दुकानदार सांगेल. जबड्यात बसतील खरे. पण लहान टॅपला लहान हँडल आणि मोठ्याला मोठं, ही दोन हँडलं कमीत कमी हवीतच.

आधी भोकाबद्दल थोडं

चांगलं हँडल घेऊनही टॅप मोडत असतील तर दोष बहुधा ड्रिलमध्ये असतो. नियम सोपा आहे: बोल्टच्या मापातून पिच वजा करा. एम४ चा पिच ०.७, ड्रिल ३.३. एम५ चा ०.८, ड्रिल ४.२. एम६ ला ५. एम८ चा पिच १.२५, ड्रिल ६.७५, म्हणजे बाजारातलं ६.८. एम१० चा १.५, ड्रिल ८.५. एवढे पाच आकडे भिंतीवर खडूनं लिहून ठेवले तरी घरचं बहुतेक काम भागतं.

या मापानं आटे पूर्ण उंचीचे होत नाहीत, साधारण पाऊण उंचीचे होतात, आणि ते पुरेसं असतं. भोक आणखी लहान ठेवून आटे भरीव केले तर मजबुती अगदी थोडी वाढते, पण टॅपवरचा भार कितीतरी वाढतो. स्टेनलेसमध्ये मी उलट दिशेनं जातो: एम६ ला ५.१ किंवा ५.२ चं ड्रिल. समुद्राजवळ ३०४ स्टेनलेसवरही तांबूस डाग येतात, म्हणून होडीच्या कामात ३१६ मागतात; त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. दोन्ही जातींचा स्वभाव मात्र एकच. टॅप न कापता नुसता घासला की तिथला धातू आणखी कडक होतो. म्हणून बोथट टॅप स्टेनलेसला लावूच नये.

आता हँडलं

साधं लांब हँडल, मधे सरकणारा जबडा आणि दोन्ही बाजूंना सारखे हात असलेलं, हे माझ्या मते अजूनही घरच्या वर्कशॉपचं पहिलं हँडल. दोन्ही हात सारखे लांब, त्यामुळे जोर समान ठेवणं आपल्या हातात राहतं. एम६ ते एम१२ साठी हेच. घेताना स्वतःचा एक टॅप खिशात घालून दुकानात जा. टॅपचं चौकोनी डोकं जबड्यात धरून आवळा आणि हलवून बघा. जरासुद्धा खेळ असेल तर ते हँडल परत ठेवा. टॅपच्या डोक्याची मापं वेगवेगळ्या मानकांप्रमाणे वेगळी असतात, म्हणून 'एम८ ला चालतं' या डब्यावरच्या ओळीवर विसंबू नये. मग हँडल आडवं धरून फिरवा आणि टॅपच्या टोकाकडे बघा. टोक वर्तुळ काढत असेल तर जबडा मध्यावर नाही, आणि अशा हँडलनं सरळ आटे पडणार नाहीत. ओतीव जस्ताच्या बॉडीची स्वस्त हँडलं मिळतात. त्यांचे जबडे काही दिवसांत रुंदावतात. पोलादी घ्या. मुंबईला कुणी जाणार असेल तर नागदेवी स्ट्रीटवर एका गल्लीत दहा प्रकारची हातात घेऊन बघता येतात, आणि हे हत्यार हातात घेऊन बघूनच घ्यायचं आहे.

टी-हँडल हे लहान टॅपांचं. त्याचे हात आखूड असतात, त्यामुळे एम३, एम४ ला जोर आपोआप मर्यादेत राहतो. टॅप कॉलेटमध्ये, म्हणजे आवळली की घट्ट होणाऱ्या चिरलेल्या नळीत, किंवा छोट्या जबड्यांत धरला जातो, आणि बोटांना आतलं सगळं कळतं. हे 'कळणं' किती महत्त्वाचं आहे ते सांगतो. टॅप कापत असतो तेव्हा हाताला एकसारखा, थोडा करकरीत विरोध जाणवतो. खाचांत कीस भरला की विरोध वाढत जातो आणि हँडल स्प्रिंगसारखं मागे ढकलू लागतं. म्हणजे टॅपला पीळ बसतोय पण तो पुढे सरकत नाहीये. त्याच क्षणी थांबून मागे फिरवायचं असतं. म्हणून अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे अशी जुनी रीत आहे: मागे फिरवताना लांब कीस तुटतो आणि खाच मोकळी होते. जे हँडल हा बदल बोटांपर्यंत पोहोचू देत नाही ते टॅपचं शत्रू.

टी-हँडलची अडचण एवढीच की ते एका हातानं फिरवता येतं, म्हणून माणूस एकाच हातानं फिरवतो, आणि मनगट फिरताना कलतं. पहिले तीन फेरे दुसऱ्या हातानं वरून आधार द्यावाच.

रॅचेटचं टी-हँडल भाच्याला सगळ्यात आवडलं होतं. भिंतीला लागून, चौकटीच्या कोपऱ्यात, इंजिनाच्या पोटात पूर्ण फेरा फिरत नाही, तिथे त्याला खरोखर तोड नाही. पण मागे फिरवायचं तर प्रत्येक वेळी खटका बदलावा लागतो. दहाव्या वेळी माणूस कंटाळतो आणि मागे फिरवणं सोडून देतो. म्हणून ते दुसरं किंवा तिसरं हँडल म्हणून घ्यावं, पहिलं म्हणून नाही.

सरळ जाण्यासाठी

इथवर जोर आणि जाणीव यांचं झालं. सरळपणा मात्र यातलं कुठलंच हँडल देत नाही, तो आपल्यालाच आणावा लागतो. तपासायची पद्धत अशी: दोन फेरे झाले की हँडल काढायचं, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, टॅपला टेकवायचा, आधी समोरून, मग काटकोनात दुसऱ्या बाजूनं. एकाच बाजूनं बघून समाधान मानू नये, कारण दुसऱ्या दिशेचा कल त्यात दिसत नाही. चूक दुरुस्त व्हायची ती या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच. नंतर टॅप आपल्याच आट्यांच्या मागे जातो, आणि ओढून सरळ करायला गेलं की मोडतो.

यापेक्षा सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे गाइड ब्लॉक. एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, साधारण २५ मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्या, दोन्ही बाजू सपाट आणि समांतर. बेंच ड्रिलवर त्यात टॅप जेमतेम जाईल अशी भोकं पाडा: एम४, एम५, एम६, एम८. नेमक्या मापाचं ड्रिल कधी घट्ट होतं, तेव्हा ०.१ नं मोठं घ्या. बेंच ड्रिलचं टेबल काटकोनात आहे ना, हे आधी गुण्या लावून बघा, नाहीतर ब्लॉकमध्येच कल उतरेल. हा ब्लॉक कामावर ठेवायचा, भोकावर भोक जुळवायचं, घट्ट धरायचं आणि टॅप त्यातून घालायचा. चार-पाच फेरे झाले की ब्लॉक काढून पुढचं काम नुसत्या हँडलनं. ब्लॉकच्या खालच्या बाजूला व्ही आकाराची खाच पाडली तर गोल दांड्यावरही बसतो.

ज्याच्याकडे बेंच ड्रिल आहे त्याच्याकडे तर अर्धं टॅपिंग मशीन आहेच. ड्रिलनं भोक पाडलं की काम जागचं हलवायचं नाही. प्लग सॉकेटमधून काढायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. ड्रिल काढून चकमध्ये, म्हणजे मशीनच्या ड्रिल धरणाऱ्या जबड्यात, टॅप धरायचा आणि चक हातानं फिरवत, हलका दाब देत तीन-चार फेरे टॅप आत न्यायचा. ज्या रेषेत भोक पडलं त्याच रेषेत टॅप गेला, वेगळी मोजणी नको. टॅपचा कडक गोल दांडा चकमध्ये घसरायला लागला की चक सोडायचा, वर उचलायचा आणि पुढे हँडल लावायचं. मोठ्या टॅपांच्या मागच्या टोकाला बारीक खळगा, म्हणजे सेंटर असतं. चकमध्ये टोकदार दांडा धरून त्या सेंटरवर टेकवला आणि खाली हँडलनं टॅप फिरवला तर शेवटपर्यंत टॅप सरळ राहतो. एका हातानं हँडल, दुसऱ्यानं ड्रिलचा दांडा हलका दाबत राहायचा. स्प्रिंग असलेलं टॅप गाइड मिळतं, ते हा दाब स्वतः देतं आणि दोन्ही हात मोकळे ठेवतं. मला विचाराल तर घरच्या कारागिरासाठी पैशाच्या मानानं सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

मग ते खांबाचं मशीन कशाला? त्यात एक उभा फिरणारा दांडा, म्हणजे स्पिंडल असतो, तो काटकोनात धरलेला असतो आणि वर-खाली सहज सरकतो, वर फिरवायचा दांडा. स्पिंडल सैल सरकत असल्यामुळे टॅप आपल्या पिचप्रमाणे आत जातो, आणि वाक येऊच शकत नाही. हाताला येतो तो निव्वळ पीळ, त्यामुळे एम३ सारख्या नाजूक टॅपचीही जाणीव स्वच्छ मिळते. वीस प्लेटा, प्रत्येकीत सहा भोकं, असं काम वारंवार येणाऱ्याला हे मशीन घेतल्याचं समाधान मिळेल. पण त्याला मर्यादा आहेत. काम त्याच्या टेबलावर बसलं पाहिजे आणि भोक खांबापासून मशीनच्या आडव्या हाताच्या लांबीच्या आत आलं पाहिजे. यंत्राच्या उभ्या सांगाड्यावर, होडीच्या इंजिनावर, गेटच्या चौकटीवर ते काही कामाचं नाही, आणि कोकणातल्या घरच्या वर्कशॉपचं अर्धं काम असंच जागेवर जाऊन करायचं असतं. एम१० च्या पुढे त्याचा दांडाही बहुधा आखूड पडतो. घेणार असाल तर स्पिंडल पूर्ण खाली ओढून बाजूला हलवून बघा. तिथे खेळ जाणवला तर सरळपणाचा मूळ गुणच गेला.

बॅटरीच्या ड्रिलला टॅप लावून पातळ पत्र्यात आरपार आटे पडतात, हे खरं आहे. त्याला स्पायरल पॉइंटचा टॅप हवा, जो कीस पुढे ढकलतो. बंद, म्हणजे आरपार नसलेल्या भोकात ही घाई करू नये. आणि वीज असो नसो, हातानं टॅप करायची सवय इथे राहिलीच पाहिजे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आमच्याकडे दिवसचे दिवस वीज नव्हती, तेव्हा होडीवाल्यांची कामं हँडलांवरच निघाली.

तेल, गंज आणि तुरटी

टॅपचा संच तिघांचा असतो. पहिल्याच्या टोकाचे बरेचसे आटे निमुळते, दुसऱ्याचे थोडे, तिसऱ्याचे जेमतेम एक-दोन. सुरुवात पहिल्यानंच करावी. तिसरा टॅप फक्त बंद भोकाच्या तळापर्यंत आटे न्यायला. काही संचांत दांड्यावर एक रिंग, दोन रिंगा आणि शेवटच्यावर काहीच नाही, अशी खूण असते. त्यात पहिले दोन मापानंही लहान असतात, म्हणून शेवटचा टॅप फिरवल्याशिवाय बोल्ट जात नाही. बंद भोक असेल तर ड्रिल हव्या त्या आट्यांपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त खोल घ्या, कीस बसायला तळाशी जागा लागते.

पोलादाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, बीड (ओतीव लोखंड) आणि पितळेला कोरडंच. कटिंग ऑइल संपलं असेल तर खोबरेल चालतं, आणि चांगलं चालतं. टॅप साठवताना मात्र खोबरेल लावू नये. ते जुनं झालं की चिकट होऊ शकतं आणि त्यात कीस चिकटून बसतो. पावसाळ्यात आपल्याकडे उघडा ठेवलेला टॅप आठ दिवसांत तांबूस होतो, आणि गंज धारेवरच आधी चढतो. पातळ मशीन ऑइल लावून, प्रत्येक टॅप वेगळा कागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवावा. एकमेकांवर आपटणाऱ्या टॅपांची धार गंजाच्या आधीच जाते.

मोडलाच तर? माझ्या हातून एका पंपाच्या ॲल्युमिनियम बॉडीत एम५ चा टॅप मोडला होता, बाहेर टोकही नव्हतं. तो तुरटीनं निघाला. तुरटीचं गरम दाट पाणी पोलाद हळूहळू खातं, ॲल्युमिनियमला आणि पितळेला फारसं काही करत नाही. पंपाचे सगळे लोखंडी भाग आधी काढले, नाहीतर तेही गेले असते. स्टीलच्या पातेल्यात हे करू नये, काचेचं किंवा मातीचं भांडं घ्यावं आणि खोली हवेशीर असावी. मी बॉडी तुरटीच्या पाण्यात बुडवून मंद आचेवर उकळीच्या जवळ ठेवली, पाणी आटलं की भर घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅप काळा भुसा होऊन सुईनं निघाला आणि आटे तसेच राहिले. लोखंडी कामात हा उपाय नाही. तिथे कार्बाइडचं कडक ड्रिल किंवा ठिणग्यांनी धातू खाणारं स्पार्क मशीन असलेल्याकडे जावं लागतं, आणि त्याचा खर्च चांगल्या हँडलच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

भाच्याला मी पोलादी लांब हँडल, एक छोटं टी-हँडल आणि ड्रिलच्या चकमध्ये धरायचं स्प्रिंगचं गाइड घ्यायला सांगितलं. रॅचेट थांबू दे. खांबाचं मशीन पुढच्या वर्षी, काजूवाल्यांकडून प्लेटांची मोठी ऑर्डर आली तरच. त्याआधी एमएसच्या तुकड्याचा गाइड ब्लॉक स्वतः करायचा आणि त्यातून पाडलेल्या पहिल्या एम६ भोकात लांब बोल्ट घालून, गुण्या लावून, दोन बाजूंनी दोन फोटो पाठवायचे. काल एका बाजूचा फोटो आला. दुसऱ्या बाजूचा मागितला आहे.